पान चौसष्ट

आई गेली त्यानंतर सतराव्या दिवशी मी तिचं दुकान उघडलं. दुकान म्हणजे विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरची लांबट खोली; जिना चढून वर आमचं घर. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान. त्या खोलीत आईनं अडतीस वर्षं लोकांचे प्रबंध बांधले. पाच-सहा वर्षं खपून लिहिलेल्या सुट्या पानांचा गठ्ठा लोक घेऊन यायचे आणि आई त्याचं काळ्या कापडाचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक करून द्यायची.

मी तिथंच वाढले. माझ्या वयाची मुलं राजा-राणीच्या गोष्टी वाचायची तेव्हा मी टेबलाखाली बसून मूत्रपिंडातले खडे, सिमेंटच्या भेगा आणि विधवांची पत्रं वाचत असे. कळत फारसं नव्हतं, पण वाचायची खोड लागली ती लागलीच. पुढे दुसऱ्या गावी साहित्य शिकवायला गेले तेव्हा आई म्हणाली, "तू पुस्तकं आतून बघ, मी बाहेरून बघते."

ती स्वतः वाचत नसे. "वाचत बसले तर बांधू कधी?" म्हणायची. ती बघायची फक्त पानाचा आकडा. उभ्यानं, मोठ्यानं मोजायची. काम अंगावर आलं की दोन गठ्ठे शेजारी ठेवून एकच आकडा म्हणत डाव्या हातानं एकाचं आणि उजव्या हातानं दुसऱ्याचं पान उलटायची. मोजून झालं की गठ्ठा ठोकून सरळ करायचा आणि जिथं शिवण येणार त्या पाठीवर निळ्या पेन्सिलीनं वरून खाली तिरकी रेघ ओढायची. नंतर शिवताना एखादं पान मागेपुढे झालं की रेघ तुटलेली दिसते. "अडतीस वर्षांत एक पान चुकलं नाही," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. न विचारता.

टेबलावर तीन गठ्ठे तिनं मोजून, रेघ ओढून ठेवलेले होते. एक डॉक्टरचा, थकलेल्या हृदयाच्या रुग्णांवर. एक इंजिनिअरचा, पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये किती फट ठेवावी यावर. तिसरा एका मावशींचा. त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आणि समाजशास्त्र विभागात त्यांनी आपल्या वडिलांच्या शेवटच्या वर्षाची आठवण प्रबंध म्हणून लिहिली होती. त्यांची मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता शुक्रवारी संध्याकाळी पाचला विद्यापीठाची प्रबंध घ्यायची खिडकी बंद झाली की आठ वर्षं पाण्यात.

तिघांनी फोनवर वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं: दुसरीकडे नेऊ का?

"नको," मी म्हणाले. "आईचं काम आहे. शुक्रवारी सकाळी न्यायला या."

हे बोलताना मला जराही शंका वाटली नाही. दाभण, दोरा, खळ, पुस्तक आवळायचा शिकंजा, सगळं हातांना पाठ होतं. टेबलापाशी एक स्टूल होतं. ते मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. पायात येत होतं म्हणून कोपऱ्यात सारलं आणि आईसारखी उभी राहिले. पानं पुन्हा मोजली. आकडे बरोबर, रेघा अखंड. तीन दिवसांत तिन्ही पुस्तकं उभी केली, आणि खोटं कशाला बोलू, चांगली केली.

शुक्रवारी साडेदहाला तिघंही एकदमच आले. मावशींना कोपऱ्यातलं स्टूल दिलं. इंजिनिअरनं आपलं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि कण्यावरून बोट फिरवलं.

"सांधा चांगला बसलाय," तो म्हणाला.

"म्हणजे पूल पडणार नाही," मी म्हणाले.

"पूल माझा आहे, पडला तर मी बघतो. डॉक्टर, तुमच्या एवढ्या जाडजूड पुस्तकात आहे तरी काय?"

"सगळं सार एका पानात आहे," डॉक्टर म्हणाला. "बाकी सगळी त्या पानाची वरात. हे बघा, पान चौसष्ट." त्यानं पान काढलं आणि दिमाखात वाचायला लागला. "'वडील खिडकीशी बसत आणि खालून जाणाऱ्या लोकांच्या चालीवरून त्यांचे धंदे ओळखत...'"

तो थांबला. पान उलटून मागे बघितलं, जणू मागे काही खुलासा छापलेला असेल.

"ते माझे वडील आहेत," मावशी म्हणाल्या.

इंजिनिअर हसला आणि लगेच खोकला. मावशींनी आपलं पुस्तक उघडलं. त्यांच्या चौसष्टाव्या पानावर तक्ता होता.

सुटी पानं, टाइप सारखा, आकडाही तोच. दहा वेळा मोजलं असतं तरी सापडलं नसतं. आणि रेघ तर अदलाबदल झाल्यावरच ओढलेली, ती कशाला तुटेल?

"जाऊ द्या हो," इंजिनिअर म्हणाला. "तुमची पहिलीच वेळ. होतं असं."

मला रस्ता मोकळा करून दिला होता त्यानं. 'हो, माझी चूक' एवढंच म्हणायचं होतं, आणि आईची अडतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. मेलेल्या माणसासाठी एवढं कुणीही करतं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात मावशींनी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

तक्त्याचं शीर्षक होतं: घरच्यांच्या लक्षात न येणारी सुरुवातीची लक्षणं. सात ओळी. दोन उशा घेऊन झोपणं. संध्याकाळी चपला घट्ट होणं. जिना टाळण्यासाठी सबबी सांगणं. या तीन ओळींपुढे, समासात, निळ्या पेन्सिलीचे तीन बारीक ठिपके होते.

मी ते पान पुन्हा वाचलं. मग स्टुलाकडे बघितलं. मावशी त्यावर बसल्या होत्या.

"चूक माझी नाही," मी म्हणाले. "आईची आहे."

"असं का म्हणतेस बाळा?" मावशींनी विचारलं.

"दोन गठ्ठे ती बरोबरीनं मोजत होती. चौसष्टपाशी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा पान वाचलं तिनं. वाचून झाल्यावर दोन्ही पानं परत ठेवली, ती एकाची दुसऱ्यात गेली."

डॉक्टरनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. ठिपके त्यालाही दिसले. त्याचा चेहरा उतरला.

"मी दोनदा आलो होतो इथं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा त्या बसून बोलत होत्या. मला म्हणाल्या, बसा ना, घाई कसली. मला वाटलं, काय अगत्य आहे. सहा वर्षं मी हेच लिहितोय आणि..."

"ती सगळं काम उभ्यानं करायची, हे स्टूल नवं आहे. मी रोज फोन करायचे," मी म्हणाले. "जिन्याचं काम काढलंय, म्हणून वर राहायला जात नाही, दुकानातच झोपते, असं सांगायची. मी विचारलंसुद्धा नाही कसलं काम."

तो आणखी काही बोलणार होता. मी हात वर केला. अकराला पाच कमी होते.

"पान कापून दुसरं चिकटवा की," डॉक्टर म्हणाला. "माझं सोमवारी दिलं तरी चालेल. मावशींचं तेवढं..."

"चिकटवलेलं पान दोन वर्षांत गळतं. ग्रंथालयात हे पन्नास वर्षं राहायचंय. दोन्ही पुस्तकं सोडवणार आणि परत बांधणार."

"पाचच्या आत?" इंजिनिअरनं विचारलं.

"चारच्या आत. तुम्ही दोघं बाह्या वर करा."

डॉक्टरला म्हटलं, ठिपक्यांचं पान मला हवंय, तुम्ही नवीन छापून आणा. तो मान हलवून बाहेर पडला. मी पात्यानं आतला कागद सांध्यावर चिरला, कव्हर अलगद सोडवलं, कण्याची खळ ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडली. दोरे कापले. अडतीस वर्षांच्या सवयीनं आईनं जे बांधून ठेवलं असतं ते मी गेल्या तीन दिवसांत बांधलं होतं, आणि आता स्वतःच सोडवत होते. इंजिनिअर शिकंज्याचा दांडा फिरवत होता आणि किती आवळायचं यावर मला सल्ले देत होता.

"जरा फट राहू द्या, कागद फुगतो."

"तुमचा प्रबंध वाचलाय मी," मी म्हणाले. "गप्प बसा आणि फिरवा."

"वाचलात? सगळा?"

"नव्वदाव्या पानापर्यंत. पुढे नुसते आकडे आहेत."

"माझ्या मार्गदर्शकांपेक्षा तीस पानं जास्त," तो म्हणाला, आणि दांडा फिरवला.

मावशी स्टुलावर बसून आपलं चौसष्टावं पान वाचत होत्या, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. "माझा भाऊ विचारतो, आठवणींना कुठं डिग्री असते का," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अरे, डॉक्टर लोक तरी दुसरं काय करतात? कुणाला कधीपासून काय होत होतं ते विचारतात. आपण आठवून सांगतो. त्यांची डिग्री आपल्या आठवणींवरच चालते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या वेळी मलाही कळलं नव्हतं. आठ वर्षं घालवून एवढंच लिहिलंय."

त्यांचं पान मी जागेवर ठेवलं. डॉक्टरच्या गठ्ठ्यातून आल्यामुळे त्याच्या कडेवरची निळी खूण रेघेपासून बोटभर खाली पडत होती. राहू दिली. आकडा आता तिथला होता आणि मजकूरही. शिवलं, खळ लावली, वजनाखाली ठेवलं.

डॉक्टर बाराला परत आला. घामाघूम झाला होता.

"उशीर झाला. मार्गदर्शकांशी फोनवर भांडलो," तो म्हणाला. "तळटीप घातलीये. मान्य केली त्यांनी."

नवं चौसष्टावं पान मी हातात घेतलं. सात ओळी तशाच होत्या. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'अनेक वर्षं उभ्यानं केलेलं काम बसून करू लागणं, हेही लक्षण असू शकतं. हे निरीक्षण रुग्णालयाबाहेरचं आहे. एका बांधणी करणाऱ्या बाईंविषयी त्यांच्या मुलीच्या आणि माझ्या आठवणीवरून.'

"हे चालतं तुमच्यात?" मी विचारलं.

"तळटिपेत चालतं. एकाच माणसावरून तक्त्यात घालता येत नाही." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "पुढचा कुणीतरी अभ्यास करून वर नेईल."

ते पान मी त्रेसष्ट आणि पासष्टच्या मध्ये सरकवलं आणि गठ्ठा ठोकून सरळ केला. पाठीवर आईची रेघ वरून खाली उतरत होती, आणि मध्ये एका पानापुरती कोरी जागा होती. शोधणाऱ्यालाच दिसावी एवढी. मी तिची निळी पेन्सिल घेतली. एका पानाच्या कडेवर रेघ मावत नाही. ठिपका मावतो. तो दिला. मग त्यावर खळ फिरवली आणि आवळलं.

पावणेचारला मावशींचं पुस्तक कोरडं झालं. इंजिनिअर त्यांना आपल्या स्कूटरवर घेऊन गेला, पुस्तक दोघांच्या मध्ये. साडेचारला मावशींचा फोन आला.

"घेतलं गं. शिक्का मारला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, बांधणी कुठं केली? मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"दुकान सांगितलं. आणि म्हटलं, तिथं चूक झाली तर लपवत नाहीत."

फोन ठेवून मी टेबल पुसलं. आईचं ते पान, तीन ठिपक्यांचं, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून शिकंज्यात ठेवलं, म्हणजे सपाट राहील. मग कोपऱ्यातून स्टूल ओढलं आणि दिवसभरात पहिल्यांदा बसले.