संकष्टीच्या चौकोनातली खिचडी

मित्रांनो, मी एक जुने कॅलेंडर आहे. माझे वर्ष केव्हाच सरले. आता मी मुलुंडच्या एका स्वयंपाकघरात, फडताळाच्या मधल्या फळीवर, डब्यांखाली अंथरलेले आहे. मूगडाळीच्या डब्याचा गोल डाग माझ्या अंगावर उमटला आहे. माझ्या ऑक्टोबरच्या पानाला एक भोकही आहे. ते कसे पडले, हे तुम्हाला सांगायचे आहे. सांगताना मला अजून भीती वाटते. पण ही गोष्ट घाबरत का होईना, सांगायलाच हवी.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी काळी शाई, मग लाल. रविवार आणि सण ठळक, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एकादशी, चतुर्थी, प्रदोष. बारा पाने एका पत्र्याच्या पट्टीत घट्ट बसवली गेली. आपल्याला सगळे ठाऊक आहे, अशा तोऱ्यात मी या घरी आले.

नीलाताईंनी मला फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवले. घरात चार माणसे होती. नीलाताई आणि त्यांचे यजमान सुबोधराव, त्यांची नववीतली मुलगी श्रुतिका, आणि सुगंधाआजी. आजी मूळच्या मालवणकडच्या. आजोबा गिरणीत होते, ते आता नाहीत. आजींनी पहिल्याच दिवशी माझी पाने उलटून प्रत्येक संकष्टीच्या चौकोनात कुंकवाचे बोट टेकवले. चाळीस वर्षे त्या संकष्टी धरत होत्या. दिवसभर उपास, आणि रात्री चंद्र दिसला की मोदक.

फेब्रुवारीत श्रुतिका म्हणाली, "आजी, मी पण धरू तुझ्याबरोबर?"

आजींना कोण आनंद झाला. "धर गो बाय. देव बुद्धी देयत."

तिने संकष्टीभोवती पेन्सिलीने एक गोल काढला. मग एकादशीभोवती काढला. मग सोमवार आले, गुरुवार आले. नीलाताई कामावरून उशिरा येत. डब्यात पोळ्या तशाच दिसल्या की श्रुतिका माझ्याकडे बोट करी, "अगं, आज प्रदोष आहे ना." नीलाताई मान डोलावत. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "किती बारीक झालीस गं. छान दिसतेस हां. आमच्या मुलीला पण जरा उपास शिकव." श्रुतिका हसली. त्या वाक्यानंतर माझ्यावरचे गोल वाढले.

मित्रांनो, खरे सांगते, मला तेव्हा अभिमान वाटत होता. दिवसातून दहा वेळा कोणी आपल्यापुढे उभे राहते, हे कोणत्या कॅलेंडरला आवडणार नाही? पण हळूहळू मला तिचे बोट ओळखू यायला लागले. ते गार असायचे. उपासाला आजी साबुदाण्याची खिचडी, रताळे करायच्या, तेही ती नको म्हणू लागली. ज्या चौकोनात काहीच छापलेले नसे, त्यावर तिचे बोट थांबे, जणू तिथे खड्डा आहे. मग ती आणखी बारीक अक्षरे वाचू लागे आणि मी तिला काही ना काही शोधून देई. मला तोंड नव्हते. "पुरे गं, बाळा," असे मला म्हणता आले नाही. माझ्याच अंगावरची अक्षरे तिला जेवणापासून लांब नेत होती आणि मी भिंतीवर लटकून नुसते बघत होते.

जूनच्या शेवटी एका सकाळी ती अशीच माझ्यापुढे उभी होती. चौकोन रिकामा होता. तिचे बोट त्यावरून सरकले, मग हाताने माझे पान घट्ट धरले आणि आम्ही एकदमच खाली आलो. माझी कडी तुटली. ती डोळे उघडेना. नीलाताई पाणी शिंपडत तिला हाका मारत होत्या, तेव्हा मी तिच्या दंडाखाली चुरगळून पडले होते. तो दंड किती हलका होता, हे त्या घरात सर्वांत आधी मला कळले.

त्यानंतर तपासण्या झाल्या आणि घरच्या सगळ्यांना घाटकोपरला, मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर संघमित्रा यांच्याकडे पाठवले गेले. रिक्षात नीलाताईंनी माझी गुंडाळी मांडीवर धरली होती. "किती दिवसांपासून नीट जेवत नाही?" असे डॉक्टरांनी विचारताच त्यांनी मला टेबलावर उलगडले.

डॉक्टर एकेक पान उलटत गेल्या. "कुंकवाचे ठिपके कोणाचे?"

"माझे," आजी म्हणाल्या.

"आणि हे गोल?"

डॉक्टरांनी गोल मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले.

आजी उसळल्या. "उपासाक नाव ठेवू नको हां. चाळीस वर्सा करतंय मी. माका काय झाला?"

"नाव नाही ठेवत, आजी. तुम्ही संकष्टीला चंद्राची वाट बघता ना?"

"बगतंय तर. पोटात कावळे कोकलतत."

"हिला चंद्र उगवायची भीती वाटते," डॉक्टर म्हणाल्या. "हा उपास नाही. हा आजार आहे. तो हिने मुद्दाम आणलेला नाही आणि तुम्हीही दिलेला नाही. पण तो जेवल्याशिवाय बरा होत नाही."

आजींनी नातीच्या पाठीवर हात ठेवला. श्रुतिका खाली मान घालून रडत होती.

त्या दिवसापासून माझे काम बदलले. खिळ्याला सुतळीने बांधून मला पुन्हा टांगले गेले. उपास बंद. आता नीलाताई माझ्या चौकोनांत जेवण लिहू लागल्या. सकाळी उपमा. दुपारी पोळी, भाजी, वरण-भात. चार वाजता दूध आणि लाडू. रात्री पुन्हा पोळी-भाजी. श्रुतिकेने काही ठरवायचे नाही, समोर येईल ते खायचे, आणि कोणीतरी शेजारी बसायचे. ऐकायला सोपे वाटते ना? मी रोज चार वेळा ते पाहत होते. ताट आले की तिचा चेहरा असा होई, जणू कोणी तिला चौथ्या मजल्याच्या कठड्यावर उभे केले आहे.

"एकच घास," नीलाताई म्हणत. "मग पुढचा. त्याच्या पुढचा विचार नको."

"तुला काय जातंय बोलायला, यार आई. तुझ्या डोक्यात कोण ओरडत नाही ना."

"नाही ओरडत. म्हणून तर बसलेय तुझ्याजवळ."

कधी ताट संपे, कधी भिंतीवर वरणाचे शिंतोडे उडत. माझ्यावरही एक उडाला, सप्टेंबरच्या तेरा तारखेवर. पण तिचे हात हळूहळू कमी गार लागू लागले.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी पुढची पायरी सांगितली. रविवारचे दुपारचे जेवण श्रुतिकेने स्वतः ठरवायचे, लिहायचे, रांधायचे आणि लिहिल्याप्रमाणे जेवायचे. पहिल्या रविवारी तिने चौकोन कोराच ठेवला. दुसऱ्या रविवारी पोट दुखते म्हणाली. त्या आठवड्यात तिची तब्येत पुन्हा घसरली. डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, हे घरी जमत नसेल तर तिला रुग्णालयात ठेवून उपचार करू. ती शिक्षा नव्हे, पण उशीर करून चालणार नाही. श्रुतिकेला घर सोडायचे नव्हते. आता एकच रविवार हाताशी होता, वीस तारखेचा.

बुधवारी तिने त्या चौकोनात लिहिले, "मुगाची खिचडी, दही, पापड, तूप." मग 'तूप' खोडले. गुरुवारी परत लिहिले. परत खोडले. शुक्रवारी, शनिवारी तेच. खोडरबराने माझा कागद झिजत गेला. शनिवारी संध्याकाळी पेन्सिलीचे टोक आरपार गेले. मला दुखले नाही, मित्रांनो, पण मी फार घाबरले. माझ्या भोकातून तिला पळायला वाट सापडेल, असे मला वाटले.

आणि वाट माझ्यावरच छापलेली होती. त्या चौकोनाच्या कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका होता.

रविवारी दुपारी कुकरची वाफ जिरली. खिचडी झाली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नीलाताई आणि सुबोधराव बाहेरच्या खोलीत थांबले होते. आत फक्त आजी होत्या. श्रुतिका डाव हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"आजी," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आज संकष्टी आहे. आजच्या दिवस राहू दे ना. उद्या करते, शप्पथ."

आजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा ठिपका, त्यांचा गणपती, त्यांची चाळीस वर्षे. मग पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "माका वाढ."

"तुझा उपास आहे."

"माका ठाऊक आसा. वाढ."

श्रुतिकेने दोन ताटे घेतली. खिचडी वाढली, दही घातले, पापड ठेवले. आजींनी चष्मा वर करून माझ्याकडे बोट केले. "हय भोक पडलासा. काय लिवलेला थय?"

तिने भोकावर बोट ठेवले. मग म्हणाली, "तूप."

तुपाचे भांडे खाली आले. तिने आधी आजींच्या ताटात चमचा रिता केला, मग स्वतःच्या. चमचा ताटाच्या काठावर वाजत होता.

आजींनी घास उचलला आणि हात तोंडाशी नेऊन थांबवला. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, देवाची माफी मागत असाव्यात. घास पुन्हा ताटात आला. डोळ्यांत पाणी उभे राहिले.

श्रुतिका बघत राहिली. तो मध्येच थांबलेला हात तिच्या ओळखीचा होता. इतके दिवस तिने तो फक्त आतून पाहिला होता. ती आजींच्या अगदी जवळ सरकली.

"आजी, घाबरू नको गं. मी आहे ना," ती म्हणाली. "एकच घास. मग पुढचा."

"तू घेतस?"

"घेते. तुझ्याबरोबर."

दोघींनी एकदम घास घेतला. नंतर पुढचा. खिचडी गार झाली, पापड मऊ पडला, घड्याळाचा काटा पाऊण तास पुढे गेला. मध्ये एकदा श्रुतिका रडली, एकदा आजी. भीती कुठेही गेली नाही. ती तिथेच तिसरे माणूस होऊन बसली होती, आणि तरीही दोन्ही ताटे रिकामी झाली.

पुढच्या महिन्यात आजींनी आपली संकष्टी पुन्हा धरली. श्रुतिकेने नाही. तिच्या चौकोनात भाजी-पोळी होती.

वर्ष संपले तेव्हा मला रद्दीत टाकायला काढले होते. श्रुतिका म्हणाली, "हे नको देऊस, आई," आणि तिने मला या फळीवर अंथरले. ऑक्टोबरचे पान वर ठेवले.

तुम्हाला वाटेल, आता सगळे झकास असेल. तसे नाही. हा आजार सावकाश जातो, आणि जाता जाता मागे वळून बघतो. घाटकोपरच्या फेऱ्या अजून चालू आहेत. भिंतीवर नवे कॅलेंडर आहे, त्यावरही तीच बारीक अक्षरे आहेत.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्यातले कोणी जेवण टाळत असेल आणि कारणे फार चांगली देत असेल, तर नुसती मान डोलावू नका. घरातल्या मोठ्या माणसाला, शाळेतल्या बाईंना सांगा. ही चुगली नव्हे. कोणाला "बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणू नका. आणि ताटाची भीती तुम्हालाच वाटत असेल, तर ती एकट्याने लपवू नका. माझ्यासारखे कागद ऐकतात, पण बोलू शकत नाहीत. माणसे बोलू शकतात.

दर रविवारी सकाळी मी इथे अंधारात वाट पाहते. खिचडीसाठी श्रुतिका मूगडाळीचा डबा उचलेपर्यंत मला धीर नसतो. मागच्या एका रविवारी तो उचललाच गेला नाही आणि बाहेर दिवसभर दबके आवाज येत होते. आज बाहेर कुकर घासल्याचा आवाज झाला. पावले जवळ आली. फडताळ उघडले, डबा उचलला गेला, आणि माझ्या भोकावर उजेड पडला.