पाखऱ्याच्या कोपरावरची मगर

मी एक जुनी मगर आहे. मित्रांनो, पाय वर घेऊ नका, मी चावत नाही. चावायचे म्हटले तरी आता जमणार नाही, कारण माझे दात कधीच घासून टाकले आहेत. मी बोटाच्या दोन पेरांएवढी आहे. अंग पत्र्याचे, पाठीवर लाल रबरी टोपण आणि जबड्यात एक स्प्रिंग. मागून दाबले की तोंड उघडते, सोडले की मिटते. ज्या पाकिटातून मी आले त्यावर 'अ‍ॅलिगेटर क्लिप' असे छापले होते. पण एवढे मोठे नाव घ्यायला वेळ कोणाला आहे? छत्रपती संभाजीनगरात आले आणि पहिल्याच दिवशी मगर झाले.

माझी पहिली नोकरी पडेगावला, मुनीरभाईंच्या दुकानात. मुनीरभाई गाड्यांच्या वायरिंगचे काम करायचे. एक बल्ब, एक लांब वायर आणि वायरीच्या टोकाला मी. मला गाडीच्या पत्र्यावर चावायला लावायचे आणि बल्ब पेटतो का ते बघायचे. रिक्षा, ट्रॅक्टर, वेरूळला पर्यटक नेणाऱ्या जीपगाड्या, सगळ्यांना मी चावलेली आहे. तेव्हा माझी पकड अशी होती की वायर तुटेल पण मी सुटणार नाही. त्याचा मला फार गर्व होता, आणि तो मी लपवायचेही नाही.

एकदा डॉक्टर चारुता त्यांच्या स्कूटरचा दिवा दुरुस्त करायला आल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर. जवळच त्यांचा छोटा दवाखाना आहे. हृदयाचे ठोके कागदावर काढायचे एक यंत्र त्यांच्याकडे होते, पण त्याचे चिमटे तुटले होते. माणसाच्या छातीवर चिकटपट्ट्या लावता येतात. कुत्र्याच्या केसांवर त्या कशा चिकटणार? म्हणून जनावरांना चार पायांवर चार चिमटे लावतात. मुनीरभाईंनी डबा उपडा केला. नव्या मगरी तीनच निघाल्या. चौथी म्हणून त्यांनी बल्बच्या वायरीवरून मला सोडवून दिले.

"पण यांचे दात रुततील हो," डॉक्टर म्हणाल्या.

"दाताँ घिस देतूँ," मुनीरभाई म्हणाले, "मगर पकड जरा ढिल्ली होती, मॅडम."

आता बघा, त्यांच्या दखनी बोलण्यात 'मगर' म्हणजे 'पण'. माझ्याच नावाने माझे दात गेले. कानस फिरत होती तेव्हा मला रडू येत होते. दात नसलेली मगर कोणाच्या कामाची, असे वाटत होते.

पण दवाखान्यात मला वेगळेच काही कळले. पत्र्याला चावण्यात काय मोठेसे? जिवंत कातडीला हलकेच धरायचे आणि आतली धडधड वायरीतून पुढे पाठवायची, हे काम अवघड. माझी जागा ठरलेली होती, उजव्या पुढच्या पायाचे कोपर. बाकीच्या तिघी उरलेल्या पायांवर. बोक्यांनी मला ओरबाडले, एका बोकडाने चक्क चघळले. तरी डॉक्टर म्हणायच्या, "ही लाल मगर गुणाची आहे." मी खूश व्हायचे.

पुढे दवाखान्यात गर्दी वाढली. काम झाले की आम्हाला पुसायचे राहू लागले. कातडीला लावलेले जेल जबड्यात वाळायचे, त्यावर हिरवट बुरशी चढायची. खणात आम्ही कात्रीखाली पडून असायचो. कोणी वाईट नव्हते, मित्रांनो, फक्त कोणाला सवड नव्हती. पण गंज सवड बघून थांबत नाही.

आणि मग पोळ्याचा तो दिवस आला.

सकाळीच एक म्हातारबाबा आणि त्यांची अकरावीतली नात आली. बाबांचे नाव कडूबा. सारी हयात वैजापूरकडे शेती केली. आता मुलाकडे पडेगावला, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. नात सोनिया. तिच्या कडेवर एक पांढराशुभ्र केसाळ कुत्रा होता. कार्डावर लिहिले होते, जात पामेरियन, वय अकरा, नाव पाखऱ्या.

पाखऱ्याला आदल्या संध्याकाळपासून लघवी होत नव्हती. डॉक्टरांनी पोट तपासले, एक्स-रे काढला. मूत्राशयातला खडा वाटेत अडकला होता. नळी घालून बघितली, पुढे जाईना.

"आजच्या आज ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण वय झालंय. याला कधी धाप लागते का?"

"जिना चढला की लागती," कडूबा म्हणाले. "मला बी लागती."

"मग आधी हृदय बघू. ते ठीक असेल तरच भूल देता येईल. नाहीतर त्या भुलीतून तो उठायचा नाही." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "अंगाला तेल, मलम, काही लावलंय का?"

कडूबांनी तोंड उघडले. पण सोनिया घाईने म्हणाली, "नाही, काही नाही."

पाखऱ्याला कुशीवर निजवले. तो कण्हत होता, धापा टाकत होता. त्या आवाजात डॉक्टरांना कानातल्या नळीतून ठोके नीट ऐकू येईनात. सगळी मदार आता आम्हा चौघींवर. त्यांनी कोपरावर स्पिरिट टाकले आणि मला लावले.

मला लगेच कळले, काहीतरी गडबड आहे. कातडी जबड्याला लागावी तशी लागतच नव्हती. माझ्या जबड्यात बुळबुळीत काहीतरी होते. पलीकडे ठोके होते, मला ते जाणवत होते, पण पुढे पाठवता येईनात. कागदावर रेघ थरथरली, वर उडाली, खाली पडली, मध्येच सपाट झाली. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"ठोक्यांची लय फारच वेडीवाकडी दिसतेय, बाबा," त्या सावकाश म्हणाल्या. "अशा हृदयाला भूल द्यायची माझी हिंमत होत नाही."

"मंग?"

"ऑपरेशन नाही केलं तर तो दोन दिवस काढायचा नाही. केलं तर टेबलावरच..."

कडूबा खाली बसले. सोनिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनाचे काय झाले ते कसे सांगू? मला वाटले, दोष माझाच. माझा गंज, माझे घासलेले दात, माझा सगळा गबाळा अवतार. माझ्यामुळे एक जीव जाणार, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

तेवढ्यात पाखऱ्याने कळ येऊन पाय झटकला आणि मी सुटले. मुद्दाम सुटले म्हटले तर ते खोटे होईल. मुनीरभाई म्हणाले होते तशी पकड ढिली होती, आणि कातडी बुळबुळीत होती, म्हणून सुटले. टणकन फरशीवर पडले.

"ही क्लिप आता टाकूनच द्यायला हवी," म्हणत डॉक्टरांनी मला उचलले. बोटांना ओशट लागले. त्यांनी बोटे नाकाशी नेली. "हे तूप आहे. सोनिया, याला तूप कुणी लावलं?"

कडूबा उठले.

"म्या लावलं, बाई. काल खांदेमळणी नव्हती का? पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे तुपानं मळतेत. वरीसभर जू वढून सुजलेले असतेत ना. बैल इकले, वावर बटईनं दिलं. आता दावणीला हाच हाय. ह्याचं नाव बी माझ्या शेवटच्या बैलाचं. दरसाल ह्याचेच खांदे मळतो म्या, पार कोपरापस्तोर. मंग कानात सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"मी सकाळी वरचे केस पुसले," सोनिया रडत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही आजोबांना हसाल. म्हणून खोटं बोलले."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पाखऱ्याचे चारही कोपर-गुडघे साबणाने धुतले, कोरडे केले. मग आम्हा चौघींना जुन्या टूथब्रशने घासले. कितीतरी महिन्यांनी माझ्या जबड्याला हवा लागली. मला पुन्हा कोपरावर लावले.

यावेळी मी जीव खाऊन धरले. आणि पाखऱ्याचे हृदय माझ्यातून चालत गेले, एक ठोका, दुसरा, तिसरा. म्हाताऱ्या बैलाच्या चालीसारखे सावकाश नव्हे, भीतीने जरा घाईचे, पण सरळ. कागदावर एकसारखी शिखरे उमटत गेली. डॉक्टरांनी हातभर कागद निघू दिला.

"हृदय चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "घेते ऑपरेशनला. पण आज त्याला काही खायला मिळणार नाही, बाबा."

"आवतन देऊन उपाशी ठिवायचं?" कडूबांना हे फार लागले.

"आवतन मोडलेलं नाही. पुढे ढकललंय."

ऑपरेशन चालू असताना मी बाहेरच्या टेबलावर वाळत पडले होते. आजोबांचे लक्ष दुसरीकडे लागावे म्हणून सोनिया मोबाईलवर वाचून दाखवू लागली. तिथेच मला माझ्या नावाचा अर्थ कळला. स्पेनच्या खलाशांनी दूरदेशी तो प्राणी पाहिला आणि आपल्या भाषेत नुसते 'सरडा' म्हटले. पुढे इंग्रजांच्या तोंडी त्याचे अ‍ॅलिगेटर झाले. घ्या! म्हणजे मी मगर तर नाहीच, पण जिच्यावरून माझे नाव पडले तीही मुळात सरडाच.

"रस्त्याला जाळीसारख्या भेगा पडतात ना, त्यालासुद्धा इंजिनियर लोक अ‍ॅलिगेटरचंच नाव देतात," सोनिया म्हणाली.

"मंग आपल्या गल्लीत लई मगरी हैत," कडूबा म्हणाले. "आन ह्याचं काय? पामेरियनचं?"

"पोमेरेनिया नावाचा मुलूख आहे, त्यावरून. त्याचा अर्थ समुद्राकाठची जमीन. तिकडच्या माणसांनाही पोमेरेनियनच म्हणतात. आणि आपल्याकडे पामेरियन म्हणून पाळतात ते पुष्कळदा स्पिट्झ असतात, असंही लिहिलंय."

कडूबांनी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. "समुद्र? ह्यानं शिवना नदी बी धड पाह्यली नाय. म्हणू दे लोकायला काय म्हणायचं ते. आत जाऊन इचार की, जित्ता हाय का."

पाखऱ्या जिवंत होता. दुपारी त्याने डोळे उघडले आणि कडूबांच्या बोटांवरचा तुपाचा वास चाटायला बघू लागला.

दहाव्या दिवशी टाके काढायला आले तेव्हा कडूबांनी डब्यात पुरणपोळी आणली होती, खास पुन्हा करायला लावलेली. डॉक्टरांनी नखाएवढा तुकडा द्यायची परवानगी दिली. पाखऱ्याने तो गिळला आणि डब्याकडे बघत बसला. कडूबांनी रुमालाने डोळे पुसले आणि त्याच रुमालाने, बोलता बोलता, टेबलावरून मला उचलून पुसले.

पाखऱ्या त्यानंतर दोन वर्षे जगला. म्हातारा होऊन, घरी, सोनियाच्या पायाशी गेला. मला त्याची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे पुष्कळ जण असतील. चिमटा, पक्कड, थर्मामीटर, आजीचा चष्मा. आमची नावे लक्षात ठेवली नाहीत तरी चालेल, ती बहुतेक उसनीच असतात. पण काम झाले की आम्हाला पुसून ठेवा. आमच्या तोंडातल्या घाणीमुळे कोणाचा जीव जायला नको. आणि डॉक्टरांनी काही विचारले, तर तुमच्या आजोबांची लाज वाटून घेऊ नका.

कडूबा अजून येतात. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काठी टेकत येतात. डॉक्टरांकडून कोमट पाणी मागून घेतात. आम्हा चौघींना एकेक करून धुतात, जबडा उघडून फडक्याने आतून कोरडा करतात. मग मला तळहातावर घेतात, तोंडाजवळ आणतात आणि हळूच म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

तूप मात्र लावत नाहीत.