बाबांच्या खोलीतली रेंज

"घरात रेंज नेमकी कुठं येत नाही?" दुकानदाराने विचारलं.

"बाबांच्या खोलीत," मी म्हणालो.

बाबा माझ्या शेजारीच स्टुलावर बसले होते. त्यांनी मान वर केली, काचेच्या कपाटातल्या राऊटरांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा हातातल्या चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसू लागले. ती काच मघापासून स्वच्छच होती.

दुकानदाराने दोन खोकी काउंटरवर ठेवली. एकातल्या राऊटरला चहूबाजूंनी आठ काळ्या दांड्या होत्या, उलटं पडलेलं झुरळ असावं तसा. दुसऱ्यात दोन पांढरे गुळगुळीत डबे होते, एक हॉलमध्ये ठेवायचा आणि एक आतल्या खोलीत.

"दोन्ही वाय-फाय सेव्हन. एकदम नवीन. एका वेळी घरातली सगळी माणसं व्हिडिओवर बसली तरी कुणाचं अडकायचं नाही. माणसं किती घरात?"

"दोघंच. मी आणि बाबा."

"खोल्या?"

"तीन."

दुकानदार हसला. "मग खरं सांगू का साहेब, तीन खोल्यांत साधा राऊटरसुद्धा पोचतो. काकांच्या खोलीची भिंत काय शिशाची आहे का?"

मीही हसलो. बाबांच्या खोलीची भिंत साध्या विटांची आहे आणि त्या खोलीत रेंज नेहमीच उत्तम होती.

मी एका कंपनीसाठी घरून तक्रारी घेतो. पाणी तापवायचं यंत्र बिघडलं की लोक फोन करतात, चिडतात, आणि मी म्हणतो, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. रोज सकाळी अकराला आमच्या मॅडम सगळ्यांची मीटिंग घेतात, प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे असा त्यांचा हट्ट. माझा चेहरा सारखा अडकायचा. कधी तोंड उघडं, कधी डोळे अर्धवट मिटलेले. एकदा सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर घरून काम विसरा. रोज इथं येऊन बसा."

घरून काम विसरलो असतो तर बाबांकडे दिवसभर कोण बघणार, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगतो.

मी मोबाईलवर घरच्या राऊटरला काय काय जोडलंय त्याची यादी उघडून पाहिली. त्यात माझा लॅपटॉप, माझा फोन आणि तिसरा 'बाबा'. अकराच्या सुमाराला सगळ्यात जास्त नेट तेच खात होते. कारण बाबांच्या व्हिडिओ कॉलचीही तीच वेळ. अकराला आत्या तिच्या घरी अंघोळ, पूजा आटपून फोनसमोर बसायची. बाबांहून सात वर्षांनी मोठी. तिचे कान पार गेले होते, त्यामुळे साधा फोन तिच्या उपयोगाचा नव्हता. ती बोलायची ते बाबांना ऐकू यायचं, आणि बाबा बोलायचे ते ती त्यांच्या ओठांवरून वाचायची. बाबा एकेक शब्द सावकाश, तोंड मोठं उघडून म्हणायचे. बंद दारातूनही मला ऐकू यायचं, "ताई... गुडघा... कसा... आहे?"

यादीत बाबांच्या नावापुढे एक बटण होतं, 'थांबवा'. मी बोट लावलं. दोन दिवसांपुरतं, असं ठरवून.

त्या दिवशी सव्वाअकराला बाबा दारात आले. "अरे, ताई दिसत नाहीये."

"राऊटर जुना झालाय, बाबा. तुमच्या खोलीपर्यंत रेंज येत नाही."

"काल तर येत होती."

"मशीनचं काय, कधी बिघडेल सांगता येतं का?"

चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केलेल्या माणसाला मी हे सांगत होतो. बाबा नुसते "बरं" म्हणाले. मग ते फोन उंच धरून खिडकीपाशी गेले, दारापाशी आले, पलंगावर उभे राहिले. बाबांच्या फोनात नेटचा पॅक नव्हता. 'घरात वाय-फाय असताना पॅक कशाला?' हेही मीच म्हणालो होतो.

माझी मीटिंग लोण्यासारखी झाली. मॅडमनी कौतुक केलं. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचे अडीच महिने. रोज वाटायचं, आज बटण दाबू. पण आता एकदम रेंज आली तर बाबा विचारतील, कशी आली? खोटं बोलायला एक क्षण लागला होता, ते मागे घ्यायला मला अडीच महिन्यांत वेळ मिळाला नाही. बाबांनी आतेभावाला फोन करून आत्याला निरोप दिला, घरातलं मशीन बिघडलंय, नवीन आलं की बोलू. मग ते अकरा वाजता खुर्ची खिडकीकडे फिरवून बसू लागले.

पंधरा दिवसांपूर्वी आतेभावाचा फोन आला. आत्या झोपेतच गेली.

बाबा कपडे बदलायला आत गेले आणि मी हॉलमध्ये उभ्या उभ्या ते बटण दाबलं. का दाबलं, माहीत नाही. आता त्याचा कुणाला उपयोग होता? पुढच्याच क्षणी बाबांच्या खोलीतून टिंग असा आवाज आला. मग पुन्हा टिंग. मग थांबेचना. आत्याने एवढ्या दिवसांत पाठवलेले व्हिडिओ एकामागून एक येऊन पडत होते.

बाबा अर्धी बटणं लावलेल्या शर्टात बाहेर आले. हातात फोन. माझ्याकडे बघून म्हणाले, "रेंज आली वाटतं."

"हो," मी म्हणालो. "कधीकधी येते. पण भरवसा नाही. आपण नवीन राऊटर घेऊ."

आत्या तिकडे निजवलेली होती आणि मी इकडे अजून वेळ मारून नेत होतो. म्हणून आज या दुकानात होतो. माझं खोटं खरं दिसावं एवढ्यासाठी मला नवीन राऊटर हवा होता.

"काका, तुम्हाला कुठला आवडला?" दुकानदाराने विचारलं.

बाबांनी चष्मा चढवला. दोन्ही खोकी हातात घेऊन मागचा मजकूर पुरता वाचला. पंप घेतानाही ते असंच करायचे. मग विचारलं, "यात घरातल्या एखाद्याचाच फोन बंद करता येतो का?"

"येतो की!" दुकानदार खूश झाला. "नातवंडं असतील ना, फार फोन बघतात? मोबाईलवर नुसतं एक बोट लावायचं."

"आणि परत सुरू करायला?"

"तेही एक बोट."

"एवढंच?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, अवघड असेल."

मी काउंटरवरच्या काचेकडे बघत राहिलो. बाबांनी दोन डब्यांचं खोकं माझ्याकडे सरकवलं. "हा घे. आठ दांड्यांचा उगाच अंगावर येतो."

परतताना बाबांना दम लागला म्हणून आम्ही रस्त्याकडेच्या बाकावर टेकलो. खोकं आमच्या मध्ये होतं.

"बाबा, रेंज होती," मी म्हणालो.

"माहितीये."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. तू अंघोळीला गेलास, तेव्हा तुझा फोन माझ्या खोलीत नेऊन पाहिला. पुरती रेंज. सगळ्या इमारतीला पाणी येतंय आणि एकाच नळाला नाही, तर कुणी पंप खोलतं का? कॉक बघायचा असतो."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू आणखी काहीतरी सांगितलं असतंस." बाबा समोरच्या रहदारीकडे बघत होते. "शिवाय तुझ्या त्या मॅडम ओरडत होत्या, ते मी ऐकलं होतं. वाटलं, चार दिवस जाऊ देत. सांगेल आपणहून."

माझं वाक्य तोंडाशी आलं होतं, गैरसोयीबद्दल दिलगीर असल्याचं. त्याच्यापलीकडे मला शब्दच येत नाहीत की काय, असं वाटलं. मी नुसतं म्हणालो, "चुकलं माझं."

"हो," बाबा म्हणाले. "चुकलं." आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. खोकं त्यांनीच उचललं.

एक डबा हॉलमध्ये लावला, दुसरा बाबांच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. बाबांनी वायर भिंतीलगत सरळ बसवून दिली. यादीत पुन्हा तीन नावं आली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या जरा आधीच मी मीटिंगला बसलो. समोर मोबाईलवर यादी उघडीच होती. अकराला एक मिनिट असताना त्यातलं 'बाबा' हे नाव फिकट झालं. मी बोटही लावलं नव्हतं. मी 'थांबवा'चं बटण पाहिलं, ते दाबलेलं नव्हतं.

मी हेडफोन गळ्यात तसाच ठेवून त्यांच्या खोलीशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, समोर उशीला टेकवलेला फोन. चाहूल लागली तशी न वळताच म्हणाले, "जा तू. मी माझं वाय-फाय बंद केलंय. तुझी मीटिंग अडकायला नको. हे फोनमधलंच आहे, याला नेट लागत नाही."

नव्या मशीनवर असं काही अडकत नाही, हे मला सांगायचं होतं.

फोनमध्ये आत्या होती. केस विंचरलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला. नीट दिसावं म्हणून ती पुढे वाकून बघत होती.

"काय रे धाकट्या," ती मोठ्याने म्हणाली, "आलं का नवीन मशीन?"

बाबांनी व्हिडिओ थांबवला. खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सावकाश, तोंड मोठं उघडून म्हणाले, "आलं... ताई. काल... आलं."