मोबाईलमधल्या आरतीची हजेरी

"मॅडम, कुणाचाही विश्वास बसणार नाही असं सांगतो," राधाकृष्ण सरांनी खुर्ची पुढं ओढली. "आणि बसला नाही तर माझं आडनाव बदला!"

"आडनाव असू द्या, मस्टरचं बोला," सविता मॅडम म्हणाल्या. हजेरीची समिती त्यांच्याकडं होती.

सर भूगोलाचे. सोनईच्या पुढच्या त्या कॉलेजात यंदा निम्मा वर्ग बाकांवर बसायचा, निम्मा मोबाईलमध्ये. आरती मोबाईलमधली. दिवाळी झाली तशी आईबापाबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेली. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर तिचा परीक्षेचा फॉर्म आज बाद होणार होता. आणि मस्टरवर तिची हजेरी भरली होती अठ्ठ्याण्णव टक्के.

"अहो, समोर बसणाऱ्या पोरांचीसुद्धा एवढी नाही!"

"तेच तर! पोरगी भरल्या बैलगाडीवर, मोळ्यांच्या शेंड्याला बसून तास करायची. रेंज जाऊ नये म्हणून बापानं मोबाईल बैलाच्या शिंगाला बांधलेला. मी विचारलं, नैर्ऋत्येचे वारे कुणीकडून येतात? तर बैलानं तिकडं तोंड केलं!"

क्लार्क वाल्मिक फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्मवरचा आरतीच्या वडिलांचा नंबर स्पीकरवर लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवला. रिंग वाजत राहिली.

सरही बोलत राहिले. थांबलं की खरं आठवायचं. पहिल्या बाकावर डस्टरला टेकवलेला मोबाईल आठवायचा. जानेवारीत एके दिवशी त्यातलं आरतीचं नाव गेलं, ते परत आलंच नाही. हजेरी घेताना तिच्या नंबरावर सर अडायचे. एकदा मागून गोरक्ष ओरडला, "हजर, सर!" वर्ग खदखदला. दुसऱ्या दिवशी भारती बोलली. मग रोज कुणीतरी बोलायचं, पाळीपाळीनं, आणि हसायचं कुणीच नाही. सर मान खाली घालून हजेरी मांडायचे.

"आणि परवाचा जमिनीच्या धुपेचा धडा! तिनं तिकडून, खोपीतून सगळ्या वर्गाला समजावला, मॅडम. मी नुसता ऐकत उभा."

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. "बैलाचं जाऊ द्या. हा धडा तिनं केला, एवढं लेखी देता?"

"देतो की."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. रिंग कधीच थांबली होती. टेबलावरच्या मोबाईलमधून आता कोयत्याचे घाव ऐकू येत होते.

"सर," मोबाईलमधून आरती म्हणाली, "माझ्यापायी काय लिहून देऊ नका."

"आरती, तू गप गं बाळा. मोठी माणसं बोलतायत."

"माझा मोबाईल जानेवारीतच उसात हरवला. हा आबांचा हाय, साधा बटनाचा. धुपेचा धडा मला अजून ठावकी न्हाई. खोटं बोलताय तुमी, सर."