रुंद कंबरेची सून

यशोदाबाईनं सून निवडली ती कंबर बघून. पोरगी बघायला गेली तेव्हा चहाकडं लक्ष नाही, शिक्षणाची चौकशी नाही. म्हणाली, बाई, जरा अंगणात चालून दाखव. रागिणी चालली आणि हिनं तिथंच सुपारी फोडायला लावली. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं मेंढरं राखणाऱ्या त्या वस्तीत अडलेली मेंढी मोकळी करावी ती यशोदाबाईनंच, एवढा तिच्या हाताला गुण. रुंद कंबरेची असली की सहज सुटते, मग मेंढी असो की बाई, हे तिचं ठाम मत. वर्षभर हापशावर, बाजारात, जीपमध्ये, जिथं तोंड उघडलं तिथं सुनेच्या कंबरेचं कौतुक. ऐकणाऱ्यांचे कान किटले, पण बाई काही थांबली नाही.

एक गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे. मागच्या साली तिची सगळ्यात रुंद बांध्याची मेंढी अडली होती. सकाळभर कळा दिल्या आणि दुपारी एकदम शांत पडली. तिचा लेक शिवहार म्हणाला, सुटली वाटतं. सुटली कसली? अंगातली ताकद संपली होती. कोकरू आतच गेलं, आणि दिवस मावळायच्या आत मेंढीही. यशोदाबाईनं ते नशिबावर ढकललं.

रागिणीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं. नववा महिना सरत आला तशी सासू तिला गोरेगावच्या दवाखान्यात तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी उंची बघितली, पोट चाचपलं, आतून तपासलं, आणि हात धुऊन सासूलाच समोर बसवलं.

"मावशी, कंबर बाहेरून रुंद आहे, पण बाळाची वाट आतल्या हाडातून असते. ती अरुंद आहे. दिवस भरत आले तरी डोकं खाली उतरलेलं नाही. कळांची वाट बघू नका, याच आठवड्यात हिंगोलीला भरती करा. बहुतेक ऑपरेशन लागेल."

झालं, बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालची पोरगी, स्वतःला अजून एकही लेकरू नाही, आणि ही मला हाडं शिकवणार? नुसती मान हलवून ती उठली. घरी शिवहारनं विचारलं तर बेधडक सांगितलं, समदं बराबर हाय. रागिणीनं दवाखान्यात पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकलं होतं. भाकरी थापता थापता तिनं धीर करून म्हणून बघितलं, "आत्या, जाऊ या ना हिंगोलीला."

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?"

 रागिणीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि हिंगोलीचं नाव पुन्हा काढलं नाही. घात झाला तो तिथंच.

तो आठवडा तसाच गेला. पुढच्या एका पहाटे कळा सुरू झाल्या. यशोदाबाईनं पाणी तापवलं, तेल चोळलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की दुपारच्या आत पेढे खाल. दुपार आली. पाणमोट कधीच फुटून गेली होती, पोरगी कळांनी पिळून निघाली होती, आणि लेकरू तसूभर खाली सरकत नव्हतं. यशोदाबाईनं ओटीपोटाशी हात ठेवला. डोकं हाडाच्या वरच होतं, टणक, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तिथंच. तिच्या हाताला मेंढीची आठवण झाली. तिनं शिवहारला जीप आणायला पळवलं.

शेजारच्या वस्तीवरच्या लालसिंगची जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली. रागिणीचं डोकं सासूच्या मांडीवर होतं. निम्मा रस्ता ती कण्हत होती, मग कण्हणं बंद झालं.

"आत्या, आता दुखत न्हाई," ती म्हणाली.

पुढं बसलेल्या शिवहारनं सुस्कारा टाकला. लालसिंगच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भाऊ, हळू घ्या आता. कळा थांबल्या, उगं गचके बसून राहिले तिला."

गाडीचा वेग कमी झाला.

"हळू नको!" यशोदाबाई ओरडली. "पळव गाडी. डॉक्टरीण म्हणली होती, आधीच हिंगोलीला भरती करा, मीच लपवलं."

शिवहार मागं वळला आणि आईकडं बघतच राहिला. लालसिंगनं मात्र काही न विचारता गाडी पळवली. रागिणीचे डोळे मिटत होते, कपाळ गार लागत होतं. तिनं चाचपडत सासूचा हात धरला.

"आत्या, माझी कंबर रुंद हाय ना?"

वर्षभर जे गावभर सांगत हिंडली, ते यशोदाबाईच्या तोंडून आता निघेना.