चौथ्या क्रमांकाचा युरोप

मंगळवारच्या सरावात टीमचा स्ट्रायकर डेक्लन बॉलसाठी उंच उडाला आणि खाली येताना आपल्याच गोलकीपरच्या कोपरावर आपटला. कोपर कानाच्या जरा वर लागलं. चार-पाच सेकंद तो गवतावर पडून राहिला, मग उठला, शर्ट झटकला आणि आपण एकदम 'ग्रँड', म्हणजे ठणठणीत, आहोत असं सगळ्यांना सांगून पुन्हा धावायला लागला. कडेला उभ्या असलेल्या नेत्राने कोचकडून शिट्टी मागून घेतली आणि सराव थांबवला.

नेत्रा पांढरीपांडे ही किलब्रॅक युनायटेडची फिजिओ. किलब्रॅक म्हणजे वॉटरफोर्डपासून पस्तीस मिनिटांवरचं समुद्रकाठचं गाव. एक लांबलचक रस्ता, दोन शाळा, मासे गोठवायचा कारखाना आणि या सगळ्यांपेक्षा जास्त ज्याची चर्चा होते तो फुटबॉल क्लब. नागपुरात आठ वर्षं प्रॅक्टिस करून नेत्रा नवऱ्याच्या, संकेतच्या, नोकरीमुळे डिपेंडंट म्हणून इथे आली. इथली नोंदणी हातात यायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात ती घरी बसली नाही. क्लबच्या लहान मुलींच्या टीमला घोट्यांना पट्ट्या बांधायला जायची, फुकट. नोंदणीचं पत्र आलं त्याच आठवड्यात कोच फर्गसने तिला मोठ्या टीमचं काम देऊ केलं. पांढरीपांडे हे नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला 'नेट्स' म्हणायला लागले. हा तिचा तिसरा सीझन.

मेडिकल रूममध्ये तिने डेक्लनला खुर्चीत बसवलं आणि पाच साधे शब्द सांगितले. दहा मिनिटांनी ते परत विचारले, तेव्हा त्याला दोनच आठवले. एका रेषेवर टाचेला चवडा लावून चालताना तो दोनदा भिंतीकडे झुकला. रात्री झोप झाली नव्हती, त्यात आपण आता तरणे राहिलो नाही, असं काहीबाही तो सांगत राहिला. तिने ऐकून घेतलं, क्लबच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर गावातल्याच दवाखान्यात होते. त्यांनी येऊन पाहिलं आणि तिच्याशी सहमत झाले. मेंदूला धक्का बसल्याची शक्यता. किमान बारा दिवस मैदान बंद.

शनिवारी लीगचा शेवटचा सामना होता.

तेहतीस वर्षांच्या डेक्लनने या सीझनमध्ये एकोणीस गोल केले होते. आयुष्यभर तो आयर्लंडमध्येच खेळला आणि युरोपातल्या स्पर्धेत एकदाही उतरला नाही. किलब्रॅकही कधी उतरलं नव्हतं. या वर्षी मात्र पस्तीस सामन्यांनंतर टीम तिसऱ्या क्रमांकावर होती आणि पहिल्या तिघांना पुढच्या जुलैत युरोपची दारं उघडी असतात. पहिला जातो सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत, दुसरा आणि तिसरा त्याखालच्या कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत. चौथ्या क्रमांकाची टीम फक्त दोन गुणांनी मागे होती. शनिवारी जिंकलं की प्रश्न मिटला.

संध्याकाळी फर्गस मेडिकल रूममध्ये आला. सहा फुटांचा, हळू बोलणारा माणूस. आधी त्याने दार लावून घेतलं.

"तुला खात्री आहे, नेट्स?"

"त्याला नक्की किती लागलंय याची खात्री नाही," नेत्रा म्हणाली. "तो शनिवारी खेळणार नाही याची आहे."

फर्गसने टेबलावरचा डॉक्टरांचा कागद वाचला. मग त्याने एवढंच विचारलं की, डेक्लनला हे कोण सांगणार. मीच सांगते, असं ती म्हणाली. सांगितलंही. डेक्लनने तिच्याकडे पाहिलं नाही. बूट पिशवीत टाकले आणि निघून गेला.

घरी सासरे बाळासाहेब जेवायचे थांबले होते. ते वर्ध्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. तिकडे तीस वर्षं त्यांनी कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून काम केलं होतं, त्यामुळे इथे आल्यापासून नातवंडं नसलेल्या या घरात त्यांचा सगळा जीव लीगच्या गुणतक्त्यात गुंतला होता. झालेली गोष्ट ऐकून संकेतच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. गाव लहान आहे, लोक तुलाच बोलतील, असं तो म्हणाला. बाळासाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"बोलतीन तर बोलतीन. पंचाले कोणी हार घालत नाही, पोरी. तुले जे दिसलं ते तू सांगितलं. आता काहून विचार करून राहिली?"

विचार ती करत नव्हतीच. तिला भूक लागली होती.

शनिवारी किलब्रॅकने एक-एक अशी बरोबरी केली. डेक्लनच्या जागी उतरलेल्या खेळाडूला शेवटच्या दहा मिनिटांत दोन संधी मिळाल्या आणि दोन्ही वेळा त्याने बॉल गोलच्या आडव्या बारवरून मारला. पाठीमागच्या टीमने आपला सामना तीन-शून्य जिंकला. गुण सारखे झाले, गोलफरकात किलब्रॅक मागे पडलं. सहा महिने हातात धरून ठेवलेला तिसरा क्रमांक शिट्टी वाजताच गेला. डेक्लन घरचे कपडे घालून स्टँडमध्ये बसला होता. तो सामना संपायच्या आधीच उठून गेला.

लोक बोलले. तोंडावर फार नाही, पण दुकानात पावाच्या रांगेत पुढचे दोघे बोलता बोलता गप्प झाले, एवढं तिच्या लक्षात आलं. एका म्हाताऱ्याने मात्र सरळ विचारलं की, आमच्या काळात डोक्याला पाणी मारून खेळायचे, आता काय झालं. नेत्राने त्याला तिथेच उभं राहून, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर माणूस त्यातून उठेलच असं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही, पण पुढच्या वेळी त्याने तिला आधी नमस्कारासारखी टोपी उचलून दाखवली.

मंगळवारी, बरोबर एका आठवड्याने, डेक्लन मेडिकल रूमच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटल्यावर आला. बसला आणि सांगायला लागला.

आदल्या दिवशी दुपारी तो मुलीला शाळेतून आणायला निघाला होता. त्याची मुलगी सहा वर्षांची, शाळा घरापासून चार मिनिटांवर. वळणापाशी गाडी थांबवून तो बसून राहिला, कारण डावीकडे जायचं की उजवीकडे हेच त्याला सुचेना. शाळेचा फोन आला तेव्हा पंचवीस मिनिटं उलटून गेली होती. शनिवारी आपण खेळायला उतरलो असतो आणि पुन्हा कुणाचं कोपर लागलं असतं तर, एवढं बोलून तो थांबला.

"मी तुझ्यावर चिडलो होतो," तो म्हणाला. "शनिवारी स्टँडमध्ये बसून मी तुला काय काय म्हणालो ते तुला न कळलेलंच बरं."

"आत्ता गाडी चालवत आलास का?" नेत्राने विचारलं.

"नाही. बायकोने सोडलं."

"मग ठीक आहे. दिवे मंद करते, आपण पहिल्यापासून सुरुवात करू."

तिने पुन्हा पाच शब्द सांगितले. या वेळी त्याला तीन आठवले. तिने डॉक्टरांना कळवलं आणि त्याच आठवड्यात वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात त्याचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. फक्त वेळ द्यायचा होता.

आणि एक दार अजून उघडं होतं. लीगबरोबर वर्षभर कपची स्पर्धाही चालते आणि कप जिंकणाऱ्यालाही युरोपचं तिकीट असतं. पण कप जिंकणारी टीम आधीच लीगमधून पात्र ठरलेली असेल, तर ते जास्तीचं तिकीट खाली सरकतं आणि चौथ्या क्रमांकाला मिळतं. रविवारी कपची फायनल होती. एकीकडे लीग जिंकलेला डब्लिनचा क्लब, दुसरीकडे वायव्येकडचा सातव्या क्रमांकाचा. सातव्याने कप जिंकला तर किलब्रॅक घरी. डब्लिनने जिंकला तर किलब्रॅक युरोपात.

संकेतने हे बाळासाहेबांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी ते लगेच पकडलं, पण त्यातली गंमत त्यांना गिळवेना. याच डब्लिनवाल्यांनी किलब्रॅकला या सीझनमध्ये चारपैकी तीनदा हरवलं होतं. गावात त्यांचं नाव घेताना लोक आधी एक शिवी हासडत.

"म्हणजे आता आपल्याले त्याईच्यासाठी ओरडावं लागन?"

"हो, बाबा."

"लागलं तर ओरडू," ते म्हणाले आणि मफलर शोधायला गेले.

रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये दीडशे-दोनशे माणसं जमली. मोठ्या पडद्यावर सामना लागला होता. सगळ्यांच्या गळ्यात किलब्रॅकचे निळे स्कार्फ. डब्लिनचा हिरवा रंग अंगावर घालायला एकही माणूस तयार झाला नव्हता. नेत्रा, संकेत आणि बाळासाहेब पुढून तिसऱ्या रांगेत बसले. डेक्लन काळा चष्मा लावून अगदी मागे, पडद्यापासून लांब, नेत्राने सांगितलेल्या जागी.

विसाव्या मिनिटाला सातव्या क्रमांकवाल्यांनी गोल केला. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली, बाकी आवाज नाही. हाफटाइमला चहा, सँडविचेस आणि फर्गसचा न बदललेला चेहरा. तो तिच्याजवळ येऊन म्हणाला की, काहीही झालं तरी मंगळवारचा निर्णय आपण पुन्हा तसाच घेऊ. नेत्राला ते ऐकायची गरज नव्हती, तरी बरं वाटलं.

एकाहत्तराव्या मिनिटाला डब्लिनने बरोबरी केली. आणि तेव्हा विचित्र प्रकार झाला. डब्लिनच्या गोलवर आनंद दाखवायची कुणाला सवयच नव्हती. क्षणभर दोनशे माणसं एकमेकांकडे बघत बसली. मग बाळासाहेब उभे राहिले आणि त्यांनी सावकाश, पंचासारख्या मोकळ्या हाताने टाळ्या वाजवल्या. शेजारची एक आजीबाई हसत उठली. मग सगळा हॉल उठला.

जास्तीच्या वेळेत, एकशे बाराव्या मिनिटाला, कॉर्नरवरून आलेला बॉल डब्लिनच्या बचावपटूच्या खांद्याला लागून समोरच्यांच्या गोलात गेला. डब्लिन दोन-एक पुढे. उरलेली आठ मिनिटं किलब्रॅक गाव जन्मात पहिल्यांदा डब्लिनसाठी घसा ताणून ओरडत होतं. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फर्गस खाली बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मागे डेक्लनने चष्मा काढला होता. नेत्राने वळून बोटानेच त्याला तो परत लावायला सांगितला.

डेक्लनला पूर्ण बरं व्हायला सात आठवडे लागले. आधी चालणं, मग सायकल, मग एकट्याने धावणं, मग बॉल. प्रत्येक पायरीला तिची सही. जानेवारीत त्याने आणखी एका वर्षाचा करार केला. बाळासाहेब डिसेंबरातच परत गेले होते. जाताना त्यांनी सुनेला बजावलं की, जुलैत काय झालं ते त्यांना त्याच दिवशी कळलं पाहिजे.

जूनमध्ये ड्रॉ निघाला. पहिल्या फेरीत लाट्व्हियाचा क्लब, पहिला सामना किलब्रॅकला, दुसरा तिकडे. सगळे विमानाच्या वेळा बघायला लागले. नेत्राने मात्र आधी आपला भारतीय पासपोर्ट काढला, क्लबकडून पत्र घेतलं आणि व्हिसासाठी डब्लिनमधली लाट्व्हियाची वकिलात गाठली. आयरिश पासपोर्टवर तिकडे व्हिसा लागत नाही, त्यामुळे ही अडचण क्लबमध्ये कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं की, सामना एकच आहे, मग अनेकदा जाण्याचा व्हिसा कशाला.

"ही फेरी जिंकलो की पुढची स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि तिथेही हाच व्हिसा चालतो," नेत्राने सांगितलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, किंचित हसल्या आणि शिक्का मारायला कागद पुढे ओढले.

घरचा सामना किलब्रॅकने दोन-शून्य जिंकला. आठवड्याने लाट्व्हियात ते एक-शून्य हरले, तरी एकूण दोन-एकने पुढे गेले. डेक्लन शेवटची पंचवीस मिनिटं खेळला. गोल केला नाही, पण बॉल पायात धरून वेळ काढला. नेत्राने ड्रेसिंग रूममधूनच वर्ध्याला फोन लावला. बाळासाहेब मोबाइलवर सामना बघत जागेच होते, आणि ते हरल्याबद्दल नव्हे, तर शेवटी पोरांचे पाय जड का वाटत होते याबद्दल विचारत होते. तिने त्यांना सांगितलं की, दोघांच्या मांड्या आखडल्या आहेत, एकाचा घोटा सुजलाय. मग फोन ठेवला आणि बर्फाच्या पिशव्या काढल्या. स्वित्झर्लंडचा सामना सात दिवसांवर होता.