पाहुण्यांच्या ताटातलं कोनफळ

अफीवाचं घर ओढ्याच्या अलीकडे आणि कोनफळांचं शेत पलीकडे. तिच्या आजीच्या आजीपासून असंच. मधे टोगोवर राज्य करणारे जर्मन गेले, आफ्रिकेतल्या या मुलखाचे दोन तुकडे झाले, अलीकडचा इंग्रजांच्या हाती लागला, पलीकडचा फ्रेंचांच्या. तरी कितीतरी वर्षं ओढ्याला कुणी काही विचारलं नाही. परवाच्या महायुद्धात मात्र पलीकडे चौकी बसली. अफीवा स्वतःच्या शेतातलं कोनफळ टोपलीत घालून घरी आणते ती निर्यात, असं तिथल्या शिपायाचं मत. यंदा तर एकही कोनफळ ओढा ओलांडणार नाही, असं त्याने सांगूनच टाकलं होतं. पीक तयार होतं. आणखी पंधरा दिवसांत ते मातीतच कुजलं असतं.

म्हणून दोन्ही तुकड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांची मंडळी गाऱ्हाणी ऐकायला येणार हे कळल्यावर तिने नवऱ्याला बजावलं, बाकी काही बोला न बोला, माझं शेत तेवढं त्यांच्या कानावर घाला. नवरा अंकू हा गावप्रमुखाच्या वतीने बोलणारा. प्रमुखाने पाहुण्यांशी थेट बोलायचं नसतं. तो पुटपुटणार आणि अंकू तेच नटवून सजवून सभेत मांडणार.

“घालतो की,” अंकू म्हणाला. “पण रीतीने.”

रीत म्हणजे आधी पाणी. मग यजमानाने इकडे सगळं क्षेम आहे म्हणायचं आणि पाहुण्याने येण्याचं कारण सांगायचं, ते सगळ्यांना ठाऊक असलं तरी. त्याआधी आपलं गाऱ्हाणं काढणं म्हणजे दारात आलेल्याची गचांडी धरणं.

चार पाहुणे आले, सोबत दोन्ही तुकड्यांचे दोन साहेब. वेळ एक तास. अंकूने काठी टेकवून येण्याचं कारण विचारलं. ऐकायला आलोय, पाहुणे म्हणाले. ते समजलं, पण कारण काय, अंकूने पुन्हा विचारलं. दुभाष्याचं काम करणारे शाळामास्तर घामाघूम झाले. शेवटी टक्कलवाल्या अध्यक्षांना वाटलं, यांना विकासाचं ऐकायचं असणार. मग त्यांनी रस्ते, कोकोची रोपं, सातासमुद्रापलीकडून येणारं भांडवल, सगळं सांगितलं. गावाने अदबीने ऐकलं. मग अंकूने आभार मानायला घेतले, तेही रीतीने. रस्त्यांचे वेगळे, रोपांचे वेगळे.

तास संपत आला, पाहुण्यांचा ड्रायव्हर उठून गाडीकडे निघालेला अफीवाने चुलीपाशी बसल्या बसल्या पाहिला. तिने उकडलेल्या कोनफळाच्या फोडी ताटात काढल्या, वर मिरचीचं तेल घातलं आणि ताट सरळ पाहुण्यांपुढे नेलं. चौघांनी एकेक फोड घेतली. फ्रेंच साहेबाने दोन.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “त्यांना सांगा, हे कोनफळ काल मी धुण्याच्या बोचक्यात लपवून ओढ्यापलीकडून आणलंय. शेत माझंच. मला पकडायचं असेल तर पुरावा आता यांच्याच पोटात आहे.”

अंकूने प्रमुखाकडे पाहिलं. प्रमुखाला नेमकं त्याच वेळी झाडावर काहीतरी दिसलं होतं. तीस वर्षं दुसऱ्याचं बोलणं सजवत आलेल्या अंकूने बायकोचं बोलणं मात्र जसंच्या तसं सांगितलं, काना-मात्रा न बदलता.

मास्तरांनी ते पाहुण्यांना सांगितलं. अध्यक्ष चावायचे थांबले, मग हसू लागले, आणि हे खरं का, असं त्यांनी फ्रेंच साहेबाला विचारलं. साहेबाला आधी घास गिळावा लागला. घरच्या खाण्यापुरतं आणायला बंदी नाही, शिपायाचा काही गैरसमज झाला असेल, तो म्हणाला. मग आजच त्याला सांगाल ना, असं म्हणून अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं.

गाड्या गेल्या. “मी येतच होतो त्या मुद्द्यावर,” अंकू म्हणाला.

“हो तर. भांडवलाचेच आभार तेवढे राहिले होते.”

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर शेतावर गेला. शिपायाने टोपल्या उलटसुलट पाहिल्या आणि तोंड वाकडं करून जा म्हणाला. मोठी टोपली अंकूने हट्टाने आपल्या डोक्यावर घेतली. ओझं वाहायची त्याला सवय नव्हती. अफीवा मागून चालत राहिली, आणि त्याच्या डोक्यावरून पडलेलं एकेक कोनफळ उचलून आपल्या टोपलीत टाकत राहिली.